खुंटीची उंची

भोसरीच्या बसथांब्यामागे, एका कारखान्याच्या भिंतीला लागून, एक बाई शेळीचं दूध काढत होती. झालं ते एवढंच. यात थांबून बघण्यासारखं काय आहे, असं कुणीही म्हटलं असतं, आणि प्रभूसारख्या धनगराच्या पोराने तर म्हणायलाच हवं होतं. पण तो बघत उभा राहिला आणि त्याची बस त्याच्या देखत आली, थांबली, निघून गेली. बाई उकिडवी बसली होती. शेळीचा मागचा एक पाय तिने आपल्या उजव्या गुडघ्याच्या लवणीत, मांडी आणि पोटरीच्या मध्ये, गच्च धरला होता. असा पाय धरला की शेळीला लाथ मारता येत नाही आणि बाईचे दोन्ही हात सडांना मोकळे राहतात. शेळीने अंग झाडलं. बाईने मांडी आणखी आवळली. आणि त्याच वेळी प्रभूच्या स्वतःच्या गुडघ्यामागे काहीतरी हललं. केसाळ, उबदार, आत शीर उडत असलेलं. ऑफिसच्या इस्त्रीच्या पँटमध्ये. लहानपणी रोज संध्याकाळी त्याने हे असं धरलेलं होतं, आणि मधली सगळी वर्षं त्याच्या पायाला त्याची आठवणही झाली नव्हती. हातातल्या पिशवीत दुपारी वाटलेल्या पेढ्यांचा पुडा होता, तो त्याने उगाचच या हातातून त्या हातात घेतला.

पेढे गुडघ्याचे होते. प्रभू ज्या कंपनीत डिझाइनचं काम करायचा तिथे माणसाला बसवायचे कृत्रिम सांधे बनत, आणि त्याने काही वर्षं खपून आखलेला गुडघा आता घाऊक निघणार होता. गोष्ट तशी सोपी. मांडीच्या हाडाला खालून धातूची टोपी, नडगीच्या हाडावर धातूची बैठक आणि दोघांच्या मध्ये प्लास्टिकची गादी. गादीच्या मधोमध एक खुंटी असते. गुडघा दुमडला की टोपीतली आडवी दांडी या खुंटीला येऊन अडते, म्हणून खालचं हाड मागे घसरत नाही. पण माणूस फार खोल बसला तर दांडी खुंटीवर चढत जाते आणि एखाद्या वेळी तिच्यावरून पलीकडे उडी मारते. मग गुडघा निखळतो. बाहेरच्या देशांतून येणाऱ्या गुडघ्यांना याची फारशी फिकीर नसायची, कारण ते खुर्चीवर जन्म काढणाऱ्या माणसांसाठी घडवलेले. प्रभूने खुंटीची उंची वाढवली, तिची पाठ किंचित कलती केली, दांडी खाली आणली. सांगायला दोन वाक्यं पुरतात, करायला त्याचे अर्धे केस गेले. यंत्रात घालून तो गुडघा महिनोन्‌महिने दुमडला, पिळला, वजनाखाली चेपला. दांडीने उडी मारली नाही. साहेब आता मोठमोठ्या डॉक्टरांपुढे सांगायचे, 'आमच्या प्रभूच्या आईला हाच गुडघा बसवलाय. ती चुलीपुढे बसून भाकऱ्या करते.' लोक टाळ्या वाजवायचे आणि प्रभू मागच्या रांगेत मान खाली घालून बसायचा, लाजल्यासारखं करून. खरं म्हणजे त्याला ते फार आवडायचं.

आई, चांगुणाबाई, साखऱ्याला होती. हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यात. जन्मभर मेंढरांमागे चालून तिचे गुडघे गेले होते, त्यातला उजवा तर पार वाकडा झाला होता. प्रभूने नांदेडला नेऊन तो बदलून घेतला, तेव्हा त्यात बाहेरचाच सांधा घातला होता. दुसऱ्या वर्षी पोळ्याला प्रभू गावी होता, चांगुणाबाई चुलीपुढे बसून पोळ्या लाटत होती, आणि उठायला गेली तर बाकीची सगळी उठली आणि पाय उठला नाही. नडगी मागे गेली होती. गुडघ्याच्या जागी मूठभर खड्डा पडला होता. जीपमध्ये तिला आडवी घालून नेताना ती एकदाही ओरडली नाही, फक्त प्रत्येक खड्ड्याला तिची बोटं त्याच्या मनगटात रुतत होती, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. नांदेडचे डॉक्टर म्हणाले, 'खाली बसायचं नाही म्हणून बजावलं होतं ना, आजी?' चांगुणाबाई म्हणाली, 'मंग काय उभ्यानं भाकरी थापू?' त्या दिवशी प्रभूला राग आला तो अजून गेला नव्हता. आईला खुर्चीवर बसायला शिकवण्यापेक्षा गुडघ्यालाच जमिनीवर बसायला शिकवावं, असं त्याच्या मनाने घेतलं. त्याचा स्वतःचा गुडघा तयार झाला तेव्हा तोच डॉक्टरांनी तिला घातला. घालताना त्यांनी प्रभूला बाजूला घेऊन सांगितलं की आता हाड फारसं उरलेलं नाही. हाही निकामी झाला तर पाय काठीसारखा सरळ करून जाम करून टाकावा लागेल, तो पुन्हा वाकणार नाही. प्रभूने मान डोलावली. मनात तो म्हणाला होता, हा निखळायचा नाही.

आता दुसरी बस आली आणि तीही गेली. बाईचं दूध काढून झालं होतं, ती पातेलीवर पदर धरून झोपड्यांकडे निघाली होती, आणि प्रभूला कॅमेरा आठवत होता. आपली माणसं बसतात कशी, हे पकडायला तो व्हिडिओ कॅमेरा घेऊन साखऱ्याला गेला होता. मांडी घालून जेवणारी माणसं, चुलीपुढच्या बाया, खुरपणारे, पारावर उकिडवे बसून बिडी ओढणारे, सगळं त्याने घेतलं. संध्याकाळी चांगुणाबाई शेळीखाली बसली. बसताना तिने लुगडं गुडघ्याच्या वर खोचलं आणि शेळीचा पाय लवणीत घेतला. भिंगातून प्रभूला आईची मांडी दिसली, जन्मात ऊन न लागलेली, सुकलेली, पांढुरकी. हे पुण्यात पडद्यावर लागणार; साहेब बघणार, नव्याने आलेल्या पोरी बघणार. 'हे नको काढू रे, लोक बघतेत,' चांगुणाबाईही म्हणाली. त्याने कॅमेरा बंद केला. कुठल्याही भल्या पोराने तेच केलं असतं. पुढे कॅमेऱ्यातल्या सगळ्या बैठका मोजून त्यांच्यावरून यंत्र लावलं गेलं आणि यंत्राला कधी कळलंच नाही की माणूस गुडघ्याच्या आत दुसऱ्या कुणाचा पाय धरूनही बसतो. दाराच्या फटीत लाकूड ठेवून दार जोराने लावलं की बिजागरी उपसून येते. शेळीचा पाय लवणीत आला की तसंच हाड हाडापासून वर उचललं जाणार, आणि दांडी वर उचलली गेली की खुंटी कितीही उंच असो, ती तिच्यावरून पलीकडे जाणारच. हे त्याला बसथांब्यावर उभ्या उभ्या स्वच्छ दिसलं. आईच्या मांडीची लाज वाटली म्हणून, असंही त्याने मनात म्हणून बघितलं, आणि ते वाक्य मनातून हलेना.

घरी गेल्यावर त्याने अंजलीला, बायकोला, पेढे दिले आणि उद्या गावाला जाऊन येतो म्हणून सांगितलं. का, ते सांगितलं तेव्हा ती म्हणाली, 'अहो, मग फोन करा ना. दूध काढू नका म्हणावं.' तिचं चुकलं नव्हतं. पण चांगुणाबाई फोनवर सगळं बरंच सांगायची. फोन म्हणजे बरं आहे असं सांगायचं यंत्र, अशी तिची समजूत होती. शिवाय प्रभूला एक आशा होती आणि ती फोनवर मोडायला नको होती. कदाचित तिने शेळ्या विकल्या असतील. कदाचित आता दूध दुसरं कुणी काढत असेल. कदाचित त्याचा हिशेब चुकला असेल, गुडघा तेवढं ओढूनही धरत असेल, माणसाच्या अंगाचं काही सांगता येत नाही. हिंगोलीपर्यंतच्या गाडीत खिडकीशी बसून तो या तीन गोष्टी आळीपाळीने घोळवत राहिला. गाडी कुठे आदळली की त्याचा हात आपोआप गुडघ्यावर जायचा. साहेबांना त्याने अजून काही कळवलं नव्हतं. आधी डोळ्यांनी बघू, असं त्याने ठरवलं होतं. पण आतून त्याला माहीत होतं की हे ठरवणं वगैरे नाही, ही भीती आहे. गाड्या निघाल्या होत्या, गुडघे खोक्यांत भरून गावोगाव चालले होते. हिंगोलीहून सेनगावकडच्या जीपमध्ये त्याच्या शेजारी एक म्हातारी बाई दोन्ही गुडघ्यांवर तळवे ठेवून बसली होती, आणि तो सगळ्या वाटेभर तिच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होता.

चांगुणाबाई अंगणात, त्यानेच आणून दिलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. पाहुण्यासारखी. तिचे पाय धड जमिनीला लागत नव्हते आणि हात काय करावं ते न कळून मांडीवर पडलेले. त्याला बघून ती उठली, चांगली उठली, आणि चालत आली. प्रभूने तिच्या तोंडाकडे न बघता आधी पायाकडे बघितलं, आणि पाय सरळ पडतोय हे पाहून त्याला इतकं हलकं वाटलं की ती काय बोलतेय तेही ऐकू आलं नाही.

'काहून आला अचानक? अंजली बरी हाय का?'

'बरी हाय. असंच आलो. बा कुठंय?'

'मेंढरं घेऊन गेलेत, वारंगा फाट्याकडं. तिथल्या शेतांत बसवायला.' संपतराव, प्रभूचा बाप, उन्हाळ्यात कळप घेऊन असाच बाहेर असायचा. लोक लेंडीखतासाठी रानात मेंढरं बसवून घेत.

दोन शेळ्या छपराखाली मेखांना बांधलेल्या होत्या. प्रभूने त्यांच्याकडे बघत विचारलं, 'दूध कोण काढतं ह्यांचं?'

'शेजारची पोरगी येती की,' चांगुणाबाई म्हणाली. 'तू पड जरा. दमून आला. च्या ठेवते.'

तो घरात सतरंजीवर आडवा झाला आणि त्याला हसू आलं. शेजारची पोरगी. भोसरीपासून इथवर आपण कशाला जीव टांगून आलो! पत्र्याच्या फटीतून उन्हाची पट्टी भिंतीवर पडली होती, ती हळूहळू वर सरकत होती. बऱ्याच दिवसांनी त्याला झोप येतेय असं वाटलं. मग बाहेर भांड्याच्या तळाला दुधाची धार लागल्याचा आवाज आला. सुरुवातीला तो कोरडा, पत्र्यासारखा असतो, आणि भांडं भरत आलं की मऊ होत जातो. पोरगी आली वाटतं, असं त्याने मनाशी म्हटलं. पण तो उठून बसला होता. दारापर्यंत जाईतो त्याला माहीत झालं होतं.

चांगुणाबाई त्याच्याकडे अर्धी पाठ करून शेळीखाली बसली होती. लुगडं वर खोचलेलं, शेळीचा पाय लवणीत. ओरडलं तर शेळी दचकणार, दचकली तर पाय झटकणार. म्हणून तो गप्प उभा राहिला. दार धरून, तिच्या मांडीचा एकेक स्नायू बघत. धार मऊ झाली. तिने भांडं बाजूला ठेवलं, शेळीचा पाय सोडला, आणि उठली नाही. दोन्ही हात मागे टेकून ती कलली. उजवी टाच तिने शेळीच्या मेखेमागे अडकवली आणि अंग मागे ओढलं, सावकाश, रोजच्या सवयीने, दात आवळून. मग एका हाताने पोटरी खालून वर दाबली. टक् झालं. प्रभूला तो आवाज ओळखीचा होता. यंत्रात सांधा जोडताना दांडी खुंटीच्या मागे बसवली की असाच आवाज व्हायचा, आणि तिथे सगळे समाधानाने मान हलवायचे.

'माय.'

ती दचकली नाही. तिने लुगडं खाली ओढलं आणि तोंडावरचा घाम पदराने टिपला. 'झोपला न्हाईस व्हय,' ती म्हणाली.

'हे कवापासून?'

'संक्रांतीपासून. कवामवा व्हतं. रोज न्हाई.'

'अन् ती पोरगी?'

'येत व्हती. तिचं लगीन झालं.'

'कंपनीतून फोन आला व्हता तुला. गुडघा निसटतो का म्हणून बराबर इचारलं त्या बाईनं. तू न्हाई म्हणलीस.'

'मंग काय म्हणू? तू केलेला हाय त्यो. तुझ्या कामाला मी बट्टा लावू?' ती त्याच्याकडे बघत नव्हती, दुधात पडलेला शेळीचा केस बोटाने काढत होती. 'तकलीफ न्हाई तेवढी. निसटला की बसविते. मेंढराचा पाय उखळला तर तुझा बा असाच बसवायचा, बघितलंस की तू. जनावराचं जमतं, मंग माझं मला जमंना व्हय?'

प्रभू तिच्याजवळ जमिनीवर बसला. त्याने तिला सांगितलं की असं प्रत्येक वेळी आतली खुंटी झिजते. एक दिवस मोडेल. मग हा पाय सरळ करून टाकतील आणि तिला खुर्चीवरसुद्धा नीट बसता येणार नाही, पाय पुढे काढून बसावं लागेल. सांगताना त्याचा आवाज ऑफिसातल्यासारखा झाला, कारण दुसऱ्या कुठल्या आवाजात त्याला ते सांगता आलं नसतं.

'माहीत हाय,' चांगुणाबाई म्हणाली. 'डाक्टरनं सांगितलंय.'

'मंग शेळ्या इकू. आजच.'

'इक. अन् मी काय करू दिसभर, ते बी सांग. तू तिकडं. तुझा बा मेंढरांमागं. त्या खुर्चीवर बसून मी रस्ता बघू? ह्या दोघी सांजच्याला वरडतेत, तर कुणाला तरी माझी गरज हाय असं वाटतं.' मग तिने विचारलं, 'दुसऱ्या बायांना बी हाच बसवून राहिले का?'

'व्हय.'

'लई?'

'लई. आता आणखी.'

तिने खरोखर विचार केला. कपाळाला आठ्या घालून, एखाद्याची अडचण सोडवायची असते तसा. 'मंग त्यांना सांगून ठेव,' ती म्हणाली, 'टाच मेखेला अडकवायची अन् भ्यायचं न्हाई. एकदम वढायचं न्हाई, दमानं वढायचं. ज्यांना जमायचं न्हाई त्यांना इकडं धाड. मी दाखवीन.'

प्रभूला रडू आलं. ते तिला दिसू नये म्हणून तो उठला आणि म्हणाला, दुसरीचं मी काढतो. चांगुणाबाई हसली, पण बाजूला सरकली. तो शेळीखाली बसला. पँट मांडीला ताणली गेली, शिवण कुरकुरली. त्याने शेळीचा पाय धरून आपल्या लवणीत घेतला आणि मांडी आवळली. हेच ते. केसाळ, उबदार, आत शीर उडत असलेलं. आणि त्याच्या वर, त्याच्या स्वतःच्या गुडघ्याच्या आत, एक बारीक पोकळी उघडली. हाड हाडापासून सुटून वर गेलं होतं आणि फक्त कातड्याने, शिरांनी, तारुण्याच्या उरलेल्या ताकदीने धरून ठेवलेलं होतं. ही जागा त्याने यंत्रावर इतके दिवस शोधली असती तर सापडली असती. ती किती आहे हे त्याच्या पायाला आता कळत होतं, आणि तेवढी उंच खुंटी गुडघ्यात मावत नाही हेही कळत होतं. मावली तर माणसाला चालता येणार नाही. म्हणजे आखायचं काही उरलेलंच नव्हतं. उद्या तो साहेबांना फोन करेल. साहेब शांतपणे ऐकून घेतील आणि विचारतील, 'प्रभू, अशा किती बायका असतील रे?' मग ठरेल की माहितीच्या कागदावर एक ओळ वाढवायची, गुडघ्याच्या मागे काही धरू नये, आणि तो हो म्हणेल. साखऱ्यात ती ओळ वाचणारं कुणी नसेल. हे सगळं त्याला शेळीच्या पोटाखाली बसून इतकं सरळ दिसलं की त्याची चीडही आली नाही.

शेळीने दूध आवरून धरलं होतं. तो दाबत होता आणि दोन थेंबांच्या पुढे काही येत नव्हतं. तिने मागे वळून त्याच्याकडे बघितलं आणि जोराने पाय झटकला. तो मातीत बसला.

'सरक,' चांगुणाबाई म्हणाली. 'परक्या हाताला ती पान्हा सोडायची न्हाई.'

'माय, ऱ्हाऊ दे. एक दिस ऱ्हाऊ दे.'

'दुधानं तटली हाय ती. रातभर वरडंल.' तिने लुगडं वर खोचलं, यावेळी त्याच्यासमोरच, त्याची लाज न धरता. एक हात त्याच्या खांद्यावर टेकून ती खाली बसली. तिचं सगळं वजन त्याच्या खांद्यावर आलं आणि ते फार थोडं होतं. 'तू पुढं जा. शिंगं धर तिची. हलू देऊ नगंस.'

प्रभू पुढे गेला. त्याने दोन्ही हातांनी शिंगं धरली. शेळी त्याच्याकडे पिवळ्या डोळ्यांनी बघत होती आणि तिच्या मानेच्या मागे, खाली, आईचं डोकं तेवढं दिसत होतं, कुंकवाच्या वरची पांढरी भांगरेषा. तिने पाय उचलून घेतला. तिने मांडी आवळली तेव्हा प्रभूने डोळे मिटले. पण शिंगं त्याने सोडली नाहीत. भांड्यात धार पडायला लागली.